डिजिटल पॅनेल मीटरचं सेटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात पॅनेल चालू करून देणं आणि चालू पॅनेलमधले बिघाड शोधणं हे माझं रोजचं काम. "मीटर खराब झालाय, नवीन घेऊन या" असा फोन येतो. मीटर म्हणजे पॅनेलच्या दारावर बसवलेला, दाब, तापमान किंवा करंट आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले. जाऊन बघावं, तर बहुतेक वेळा मीटर धडधाकट असतो. कोणीतरी इनपुट बदललेलं असतं, स्केल (किती सिग्नलला किती आकडा दाखवायचा ते) तसंच राहिलेलं असतं किंवा वायर एक घर सरकलेली असते. चांगले मीटर भंगारात जाताना बघून वाईट वाटतं. त्याहून जास्त काळजी वाटते ती चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून मशीन चालवणाऱ्या माणसाची. म्हणून साइटवर मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहिले आहेत. सिलेक, ऋषभ, मासिबस, मल्टिस्पॅन, कुठल्याही कंपनीचा मीटर असो, बटणांचा क्रम वेगळा असेल, पण मागचं गणित एकच आहे.

नवीन मीटर आला. बटणांना हात लावण्याआधी काय बघायचं?

बाजूचं स्टिकर. पहिली ओळ सप्लायची वाचा. बरेच मीटर ८५ ते २७० व्होल्टवर चालतात, पण २४ व्होल्ट डीसीचाही मीटर बाहेरून तसाच दिसतो. त्याला २३० दिलं की तो गेला, आणि त्याची वॉरंटी कोणी देत नाही. मग इनपुट बघा. काही मीटर युनिव्हर्सल असतात, म्हणजे करंट, व्होल्टेज, पीटी-१०० किंवा थर्मोकपल (हे दोन तापमानाचे सेन्सर) यातलं काहीही मेनूतून निवडता येतं. काही एकाच इनपुटचे असतात, ते सेटिंगने बदलत नाहीत. युनिव्हर्सल मीटरमध्येही इनपुटप्रमाणे वायर लावायचं टर्मिनल बदलतं. कधीकधी आत जंपरही (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) सरकवावा लागतो.

पत्र्याचं भोकही आधीच तपासा. ९६ बाय ९६ च्या मीटरला ९२ बाय ९२ मिलिमीटरचा कटआउट लागतो, आणि ४८ बाय ९६ ला ४५ बाय ९२ चा.

मेनूत शिरायचं कसं? डिस्प्लेवरची अक्षरं लागतच नाहीत.

साधारणपणे सेट किंवा प्रोग्रॅमचं बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरायचं. काही मीटरमध्ये दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. वर-खालीच्या बाणांनी आकडा बदलतो आणि एंटरने पक्का होतो. मधेच थांबलात तर थोड्या वेळाने मीटर आपोआप बाहेर येतो, आणि शेवटची एंटर राहिली असेल तर केलेला बदल जातो. "मी सेट केलं होतं, पण राहिलं नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

अक्षरांचं म्हणाल तर दोष वाचणाऱ्याचा नाही. सात पट्ट्यांच्या डिस्प्लेवर इंग्रजी के, एम, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं नीट उमटत नाहीत. एस आणि ५ हुबेहूब सारखे दिसतात. बी आणि ६ यांत फक्त वरच्या आडव्या पट्टीचा फरक. त्यामुळे सेट पॉइंट (अलार्म किंवा रिले ज्या आकड्याला लागतो तो) एकचं "एसपी १" हे पहिल्यांदा बघणाऱ्याला "५पी १" वाटतं. मॅन्युअलचं मेनूवालं पान मोबाइलवर उघडून शेजारी धरा. दोन-तीन मीटर केले की नजर बसते.

पासवर्ड कोणालाच माहीत नाही. काय करू?

मॅन्युअलमध्ये कंपनीचा मूळ पासवर्ड दिलेला असतो, तो आधी टाकून बघा. लागला नाही तर मीटरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस विभागाला फोन करा. चालू प्लांटमध्ये अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

४-२० एमए (मिलिअँपिअर) चं स्केलिंग एकदा नीट समजावून सांगा.

ट्रान्समीटर म्हणजे दाब, तापमान, लेव्हल मोजून त्याचा करंट करून मीटरला पाठवणारं उपकरण. तो जे मोजतो त्याच्या तळाला ४ एमए देतो आणि माथ्याला २०. मधे १६ एमए चं अंतर आहे. मीटरला फक्त करंट कळतो. तो करंट बारचा आहे, अंशाचा आहे की लिटरचा, हे आपण सांगायचं असतं. म्हणून मेनूत दोन आकडे भरायचे : ४ ला काय दाखवायचं आणि २० ला काय. कुठे त्यांना झिरो आणि स्पॅन म्हणतात, कुठे लो स्केल आणि हाय स्केल.

हिशोब असा. आलेल्या करंटमधून ४ वजा करा, १६ ने भागा, येईल त्याला पूर्ण रेंजने गुणा आणि तळाचा आकडा मिळवा. ०-१० बारचा ट्रान्समीटर १२ एमए देत असेल तर १२ वजा ४ म्हणजे ८, भागिले १६ म्हणजे अर्धा, म्हणजेच ५ बार. तळ शून्यच असला पाहिजे असं नाही. व्हॅक्युमसाठी तळाला उणे ७६० (मिलिमीटर पारा) आणि माथ्याला ० टाकलं तरी चालतं.

सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून का, असं नवीन मुलं विचारतात. प्रश्न चांगला आहे. वायर तुटली तर करंट ० होतो. ० आणि ४ वेगळे असल्यामुळे "टाकी रिकामी आहे" आणि "वायर तुटली आहे" यातला फरक कळतो. शिवाय टू-वायर ट्रान्समीटर स्वतः त्याच ४ एमए वर जगतो, त्याला वेगळा सप्लाय लागत नाही. नामूर या उद्योगसंघटनेच्या एनई ४३ शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ एमए हा मोजमापाचा पट्टा, आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं की तो बिघाडाचा इशारा. मीटरमध्ये ओपन (तुटलेला) सेन्सर ओळखायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

स्केल थोडं चुकलं तर एवढं काय बिघडतं?

एका कारखान्यातलं सांगतो. एअर कॉम्प्रेसरचा रिसीव्हर (दाबाच्या हवेची टाकी), त्यावर प्रेशर ट्रान्समीटर आणि पॅनेलवर मीटर. मीटरचा रिले (आतला स्विच) ७ बारला कॉम्प्रेसर अनलोड करायचा, म्हणजे हवा भरणं थांबवायचा. ०-१० बारचा ट्रान्समीटर रात्रपाळीत बंद पडला. स्टोअरमध्ये ०-१६ चा होता, तो लावला. वायरिंग बरोबर केलं, मीटरवर आकडा आला, काम झालं असं सगळ्यांना वाटलं. मीटरचं स्केल मात्र ०-१० च राहिलं.

आता बघा. रिसीव्हरमध्ये ८ बार झाले की नवा ट्रान्समीटर १२ एमए देणार आणि मीटर ५ दाखवणार. मीटरचे ७ यायला आत ११.२ बार व्हावे लागणार. सेफ्टी व्हॉल्व्ह १० ला लावलेला होता. तो उडाला तेव्हा मी शेजारच्या शेडमध्ये होतो. धावत गेलो, तर रिसीव्हरवरच्या साध्या काट्याच्या गेजवर १० आणि पॅनेलवर शांतपणे ६.२. सेफ्टी व्हॉल्व्हने आपलं काम केलं म्हणून माणसं वाचली. चुकलेल्या मीटरचा आकडाही बरोबर असलेल्या मीटरइतकाच स्थिर आणि स्वच्छ दिसतो, धोका तोच आहे. तेव्हापासून ट्रान्समीटर बदलला की त्याच्या नेमप्लेटवरची रेंज आणि मीटरमधलं स्केल शेजारी शेजारी लिहून ताडून बघितल्याशिवाय मी साइट सोडत नाही. जवळ काट्याचा गेज असेल तर तोही बघतो.

टाकीची लेव्हल लिटरमध्ये दाखवता येईल का?

उभी, सरळ गोल टाकी असेल तर सहज. भरलेल्या टाकीचे लिटर माथ्याला टाका. आडव्या टाकीला मात्र हे चालत नाही, कारण तळाशी आणि माथ्याशी एक सेंटिमीटर म्हणजे थोडंच द्रव आणि मध्यावर पुष्कळ. तिथे लिनिअरायझेशन टेबल (उंची आणि लिटरच्या जोड्या भरायची सोय) असलेला मीटर घ्या आणि टाकीच्या डिप चार्टवरून, म्हणजे कुठल्या उंचीला किती लिटर या तक्त्यावरून, बिंदू भरा.

दाबावरून लेव्हल मोजत असाल तर घनता विसरू नका. साखर कारखान्यातली मळीची टाकी घ्या. मळीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट. ३ मीटर मळीचा दाब ४.२ मीटर पाण्याएवढा. ट्रान्समीटर पाण्याच्या हिशोबाने ०-३ मीटर ठेवलात, तर टाकी जेमतेम २.१४ मीटर भरली की मीटर फुल्ल दाखवायला लागेल. ट्रान्समीटर ०-४.२ मीटर पाण्यावर ठेवा आणि मीटरच्या माथ्याला ३.०० टाका.

दशांश बिंदू बदलला आणि सगळे आकडे बिघडले.

बऱ्याच मीटरमध्ये बिंदू सरकला की स्केल, सेट पॉइंट, हिस्टेरिसिस (अलार्म लागणं आणि सुटणं यांतलं अंतर) सगळ्यांचा बिंदू सरकतो. १००.० चं १०.०० होतं. म्हणून क्रम पाळा : आधी इनपुट, मग बिंदू, मग स्केल आणि शेवटी अलार्म.

रीडिंग चुकतंय. दोष मीटरचा की ट्रान्समीटरचा, कसं ठरवायचं?

लूप, म्हणजे ट्रान्समीटर ते मीटरची करंटची वायर, मधोमध तोडा. मीटरच्या बाजूला करंट सोर्स लावा आणि ४, ८, १२, १६, २० एमए द्या. ०-१० च्या स्केलवर ०, २.५, ५, ७.५, १० आलं तर मीटर निर्दोष, आता ट्रान्समीटरकडे चला. सोर्स नसेल तर मल्टीमीटर एमए वर ठेवून सिरीजमध्ये घ्या, करंट मोजा आणि वरचा हिशोब कागदावर करा. मोजून झाल्यावर प्रोब लगेच एमए च्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. ती तशीच राहिली आणि पुढच्या मिनिटाला तुम्ही २३० मोजायला गेलात, तर सरळ शॉर्ट होतो.

पाचही बिंदू सारख्याच फरकाने चुकत असतील तर ऑफसेट बघा. वर जाताना चूक वाढत असेल तर स्केल बघा. मधेच चुकत असेल आणि फ्लो मोजत असाल, तर वर्गमूळ कुठेतरी दोनदा घेतलं जातंय किंवा कुठेच घेतलं जात नाहीये. डीपी (दाबातला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरचे ८ एमए म्हणजे दाबाचा पाव भाग, पण प्रवाह मात्र अर्धा. हे वर्गमूळ ट्रान्समीटर घेणार की मीटर, ते ठरवून एकाच ठिकाणी चालू करा.

पीटी-१०० चार-पाच अंश जास्त दाखवतोय.

वायरचा रोध. पीटी-१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५, म्हणजे एका अंशाला साधारण ०.३८५ ओहम. दोनच वायरी नेल्या आणि त्यांचा मिळून रोध २ ओहम भरला, तर मीटर पाच अंश जास्त दाखवणारच. तीन वायरी मीटरपर्यंत न्या, म्हणजे मीटर वायरचा रोध वजा करतो. तिसरी वायर सेन्सरच्या डोक्यापर्यंत गेली पाहिजे. मीटरच्या टर्मिनलवरच जंपर मारला तर मीटर एरर दाखवायचं थांबवतो, पण चूक तशीच राहते.

ओळखायचं कसं? दोन लाल आणि एक पांढरी असते. सेन्सर सोडवून मल्टीमीटर लावा. लाल-लाल मधे जवळजवळ शून्य, लाल-पांढरीत ३० अंशाच्या खोलीत सुमारे १११.७ ओहम. एवढं आलं तर सेन्सर चांगला आहे.

थर्मोकपल लावला, भट्टी तापतेय आणि आकडा खाली जातोय.

वायरी उलट्या आहेत. यात रंगांचा मोठा घोळ होतो. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) पद्धतीत के टाइप थर्मोकपलची हिरवी धन आणि पांढरी ऋण. अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण. आपला इलेक्ट्रिशियन आयुष्यभर लाल म्हणजे प्लस शिकलेला असतो, तो लाल वायर प्लसलाच लावतो. दोष त्याला देऊ नका, आधी सांगून ठेवा.

आकडा चढतोय पण कमी वाटतोय, तर मेनूतला थर्मोकपलचा टाइप (के, जे वगैरे) बघा. सेन्सर के आणि मीटरमध्ये जे निवडलेला असेल, तर भट्टी ४०० अंशावर असताना मीटर ३०७ च्या आसपास दाखवतो. भट्टीवाला तो आकडा बघून बर्नर वाढवतो आणि आतला माल जळतो. आणखी एक, सेन्सरपासून मीटरपर्यंत त्याच टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल हवी. मधे तांब्याची वायर जोडली की जोडाच्या ठिकाणच्या गरमीप्रमाणे आकडा हलतो.

मीटर तपासायचा असेल तर थर्मोकपल काढून इनपुटचे दोन्ही स्क्रू तांब्याच्या तुकड्याने शॉर्ट करा. मीटरने त्याच्या टर्मिनलपाशी असलेलं तापमान दाखवलं पाहिजे.

आकडा सतत नाचतो. फिल्टर वाढवू का?

आधी केबल बघा. सिग्नलची केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकलीय का? शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलंय का? ते एकाच टोकाला करा, शक्यतो पॅनेलच्या बाजूला. एवढ्याने बहुतेक नाच थांबतो. त्यानंतर उरला तर फिल्टर थोडा वाढवा. फिल्टर फार वाढवला तर आकडा शांत दिसतो पण उशिरा पोचतो, आणि अलार्मही उशिरा लागतो.

रिले टकटक वाजतो, पंप चालू-बंद होत राहतो.

हिस्टेरिसिस शून्य किंवा फार कमी आहे. सेट पॉइंट ८० आणि हिस्टेरिसिस २ असेल, तर हाय अलार्म ८० ला लागतो आणि ७८ ला सुटतो. पाण्याच्या टाकीत लाट उठते, तिथे आणखी मोठं अंतर द्या. अलार्मला दोन-तीन सेकंदांचा डिले दिला तरी पुष्कळ फरक पडतो.

मीटरच्या रिलेवर थेट पंप चालवू नका. त्यावर लिहिलेले ५ अँपिअर रेझिस्टिव्ह (हीटरसारख्या) लोडचे असतात. रिलेने कॉन्टॅक्टर (मोठा लोड जोडणारा स्विच) घ्या आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. स्नबर नसेल तर कॉइल सुटताना येणाऱ्या झटक्याने मीटर रीसेट होतो किंवा हँग होतो, आणि लोक कंपनीला दोष देतात.

ट्रिपसाठी रिले वापरत असाल तर फेल-सेफ ठेवा, म्हणजे सगळं ठीक असताना रिले ओढलेला राहील आणि अलार्मला सुटेल. मग मीटरचा सप्लाय गेला तरी मशीन सुरक्षित बाजूला थांबतं. उलट ठेवलं तर मीटर बंद पडल्याचं कोणालाही कळत नाही.

अँपिअर मीटर क्लॅम्प मीटरच्या निम्मं दाखवतो.

सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) रेशो. सीटी २००/५ चा आणि मेनूत १०० भरलेलं. सीटीच्या अंगावरचा रेशो वाचून तोच भरा. कधी छोट्या लोडसाठी केबल सीटीतून दोनदा ओवलेली असते. मग १००/५ चा सीटी ५०/५ सारखा वागतो आणि मेनूत ५० भरावं लागतं. पॅनेलच्या आत वाकून वेढे मोजल्याशिवाय हे कळत नाही.

हा मीटर बदलताना सीटीची वायर काढली तर चालेल का?

लोड चालू असताना अजिबात नाही. सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीही उघडी सोडायची नसते. उघडी राहिली की तिच्या टोकांवर प्रचंड व्होल्टेज तयार होतं, सीटी जळतो आणि हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. आधी एस-१ आणि एस-२ (सेकंडरीची दोन टोकं) शॉर्टिंग लिंकने जोडा, क्लॅम्प लावून लिंकमधून करंट जातोय हे बघा, मगच मीटरचा स्क्रू सैल करा. बसवताना उलट्या क्रमाने. पॅनेलमध्ये शॉर्टिंग लिंकचं टर्मिनल नसेल तर शटडाउन मिळेपर्यंत थांबा. प्रॉडक्शनची कितीही घाई असली तरी हे ऐकाच.

थ्री फेज मीटरवर अँपिअर बरोबर, पण किलोवॉट एक तृतीयांशच येतात.

एक सीटी उलटा आहे. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर दोन फेज अधिक आणि एक उणे, बेरीज एका फेजएवढीच. मीटरमध्ये फेजनिहाय किलोवॉट उघडा. ज्याचं चिन्ह उणे असेल त्या सीटीच्या एस-१ आणि एस-२ अदलाबदल करा, अर्थात वर सांगितल्याप्रमाणे शॉर्ट करून. तिन्ही फेजचा पॉवर फॅक्टर विचित्र येत असेल, तर आर फेजचा सीटी वाय फेजच्या व्होल्टेजसोबत जोडलेला असण्याची शक्यता जास्त.

मॉडबसवर मीटर बोलतच नाही, किंवा भलतेच आकडे येतात.

मॉडबस म्हणजे मीटर आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) यांनी केबलवर आकडे देण्याघेण्याची पद्धत. बोलत नसेल तर चार गोष्टी बघा : स्लेव्ह आयडी (मीटरचा क्रमांक), बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक पकडायचा बिट) आणि ए-बी वायर. आयडी १ ते २४७ मधला आणि लाइनवर प्रत्येकाचा वेगळा हवा. नवीन दहा मीटर एकदम लावले आणि सगळे फॅक्टरीच्या १ वरच राहिले, हे मी कितीदा बघितलंय. ए आणि बी ही नावं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून इतर सगळं बरोबर असेल तर वायरी उलटून बघा, त्याने काही जळत नाही. केबल एका मीटरकडून दुसऱ्याकडे माळेसारखी न्या, फांद्या काढू नका, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावा.

बोलतोय पण आकडे भलते, तर पत्ता एकने चुकलेला असतो किंवा डेटाचा प्रकार. एक उदाहरण ध्यानात ठेवा. मीटरवर २३०.० व्होल्ट आहेत आणि पीएलसीत पहिल्या रजिस्टरात (आकडा ठेवायच्या कप्प्यात) १७२५४, दुसऱ्यात ० येतंय. ते २३० च आहेत, फ्लोट (दशांश आकडा ठेवायच्या) स्वरूपात. दोन रजिस्टर एकत्र करून फ्लोट म्हणून वाचा. वाचल्यावर शून्याला चिकटलेला अतिसूक्ष्म आकडा आला तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा झालाय, तो बदला. मॉडबस १९७९ पासून आहे, पण त्यात फ्लोट कसा ठेवायचा हे ठरवून दिलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक कंपनीने आपापला क्रम घेतला.

सेटिंग आणि कॅलिब्रेशन एकच का?

नाही. सेटिंग म्हणजे मीटरला अर्थ सांगणं. कॅलिब्रेशन म्हणजे त्याचं मोजमाप प्रमाणित साधनाशी ताडून बघणं. कॅलिब्रेशनचा मेनू वेगळा आणि कुलूपबंद असतो. खात्रीचा सोर्स हातात नसताना त्यात शिरू नका, कारण तिथला मूळ आकडा एकदा पुसला की तो साइटवर परत आणता येत नाही. ऑडिटला दाखला लागतो तिथे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच करून घ्या.

फॅक्टरी रीसेट मारू का?

सगळी जुनी सेटिंग लिहून घेतली असतील तरच.

लिहून कुठे ठेवायचं?

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या पाकिटात. टॅग नंबर, इनपुटचा प्रकार, सेन्सरच्या नेमप्लेटवरची रेंज, तळ आणि माथ्याचं स्केल, बिंदू, सेट पॉइंट, हिस्टेरिसिस, फेल-सेफ आहे की नाही, सीटी रेशो, स्लेव्ह आयडी, बदलल्याची तारीख आणि बदलणाऱ्याची सही. पासवर्ड तिथे नको, तो मेंटेनन्सच्या वहीत. मोबाइलवर फोटो काढले तरी कागद ठेवाच, कारण रात्री दोन वाजता मीटर बदलणाऱ्या मुलाकडे तुमचा मोबाइल नसतो.

कागदावर पेनने लिहा, शाईच्या प्रिंटरची अक्षरं पॅनेलच्या उष्णतेत आणि ओलाव्यात उडतात. आणि सेटिंग बदललं की जुनी ओळ खोडून नव्याने लिहा, जुनी वाचता येईल अशी.